तीन धरणे आणि एक शिल्पकार : राम वंजी सुतार यांच्या कारकिर्दीचा विचार

प्रस्तावना :

राम वंजी सुतार हे नाव बहुतेकांना परिचित झाले ते गुजरातमधील केवडिया येथील सरदार वल्लभभाई पटेल यांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्यामुळे. १९ फेब्रुवारी १९२५ रोजी धुळ्याजवळील गोंदूर या गावी जन्मलेल्या या शिल्पकाराने डिसेंबर २०२५ मध्ये नोएडा येथील राहत्या घरी वयाच्या शंभराव्या वर्षी अखेरचा श्वास घेतला. त्यानंतर जे श्रद्धांजलीपर लेखन झाले, त्यात पुतळ्यांची उंची आणि सन्मानांची यादी यांनाच प्रामुख्याने स्थान मिळाले. पद्मश्री (१९९९), पद्मभूषण (२०१६), सांस्कृतिक सौहार्दासाठीचा टागोर पुरस्कार (२०१६) आणि महाराष्ट्रभूषण (२०२४) ही ती यादी होय. ती खरी आहे. परंतु तिच्यावरून शिल्पकार कळत नाही.

सुतार यांची कारकीर्द समजून घेण्याचा एक वेगळा मार्ग त्यांच्याच कामात उपलब्ध आहे. त्यांचे पहिले मोठे स्वतंत्र शिल्प एका धरणावर उभे आहे. त्यानंतरचे एक मोठे शिल्प दुसऱ्या धरणासाठी योजिले गेले आणि झाले नाही. सर्वांत मोठे शिल्प तिसऱ्या धरणासमोर उभे राहिले. गांधीसागर, भाक्रा आणि सरदार सरोवर ही ती तीन धरणे. पंडित नेहरूंनी अशा प्रकल्पांना नव्या भारताची मंदिरे म्हटले होते. मंदिर म्हटले की गाभाऱ्यात मूर्ती कोणाची, हा प्रश्न आपोआप येतो. गांधीसागरला ती नदीची होती, भाक्राला मजुराची व्हायची होती आणि केवडियाला ती नेत्याची झाली. या बदलात शिल्पकाराच्या कलेचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गोंदूर ते जे. जे. :

१९०६ मध्ये इंग्रज सरकारने खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेश म्हणजे धुळे आणि १९९८ मध्ये त्यातून वेगळा झालेला नंदुरबार. गोंदूर हे पश्चिम खानदेशातील, धुळे शहराला लागून असलेले गाव. आज धुळ्याची धावपट्टी तेथेच आहे. वडील वंजी हंसराज हे कारागीर. गावगाड्यातील सुताराचे काम म्हणजे नांगर, वखर, पाभर आणि बैलगाडी. या कामात लाकूड तासून आकार बाहेर काढावा लागतो. जास्त तासले गेले तर ते परत लावता येत नाही. घरातला हा पहिला धडा पुढे शिल्पकाराला उपयोगी पडला असावा, असे मानण्यास जागा आहे.

ज्या काळात हा मुलगा गोंदूरला वाढत होता, त्याच काळात शेजारच्या पूर्व खानदेशात एक महत्त्वाची कलाघटना घडली. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. त्याचे अध्यक्ष नेहरू होते आणि अधिवेशननगरीची सजावट गांधीजींच्या इच्छेवरून शांतिनिकेतनच्या नंदलाल बसूंनी केली होती. बांबू आणि गावात मिळणारे साधे साहित्य यांतून त्यांनी ती नगरी उभी केली. अधिवेशन संपले तशी ती मोडली गेली. राष्ट्रासाठी कला म्हणजे काय, या प्रश्नाचे ते एक उत्तर होते : स्थानिक साहित्याचे, अनेक हातांचे आणि टिकण्याचा हट्ट नसलेले. सुतार यांनी आयुष्यभर ज्या माध्यमात काम केले त्या ब्रॉन्झचे उत्तर याच्या नेमके उलट आहे. दोन्ही उत्तरांचा संबंध खानदेशाशी यावा, हा योगायोगच म्हणावा लागेल. पण तो विसरण्यासारखा नाही.

सुतार यांच्यातील गुण प्रथम ओळखले ते त्यांचे शिक्षक श्रीराम कृष्ण जोशी यांनी, आणि मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा रस्ताही त्यांनीच दाखवला. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत ब्रिटिश अकादमिक पद्धतीचे शिक्षण दिले जात असे. माणूस समोर बसवून मातीत त्याचे हुबेहूब रूप उतरवणे, शरीररचनेचा काटेकोर अभ्यास करणे आणि प्लास्टरचा साचा काढणे हा त्या शिक्षणाचा गाभा. गणपतराव म्हात्रे, बाळाजी तालीम, विनायकराव करमरकर ही मराठी शिल्पकारांची परंपरा याच पद्धतीतून घडली. सुतार यांना विद्यार्थीदशेत मातीकामासाठी मेयो सुवर्णपदक मिळाले.

काळ मात्र वेगळा होता. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला आणि सूझा, रझा, हुसेन यांच्यासारख्या तरुणांनी हुबेहूबपणाला नकार दिला. इंग्लंडमध्ये हेन्री मूरने मानवी शरीराला डोंगर आणि हाडांच्या आकारांत नेऊन ठेवले होते. ज्या ब्रिटिश पद्धतीवर जे. जे. उभी होती, तिची ओढ खुद्द ब्रिटनमध्येच ओसरली होती. अशा वेळी खानदेशातून आलेला एक विद्यार्थी तीच पद्धत मनापासून शिकत होता. पुढे कलासमीक्षेने सुतार यांच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली, त्याचे मूळ येथे आहे. समीक्षेला नवतेचा इतिहास लिहायचा होता आणि त्या इतिहासात पुतळेकाराला जागा नव्हती. हा दोष केवळ शिल्पकाराच्या माथी मारणे योग्य होणार नाही. पुतळा चांगला की वाईट हे ठरवण्याची भाषाच मराठी समीक्षेने फारशी घडवली नाही; त्यामुळे चौकाचौकांतील चांगले आणि सुमार पुतळे एकाच मौनात गेले.

वेरूळची वर्षे :

१९५४ ते १९५८ या काळात सुतार यांनी पुरातत्त्व खात्यात औरंगाबाद येथे मॉडेलर म्हणून नोकरी केली. अजिंठा आणि वेरूळ येथील झिजलेल्या, भंगलेल्या शिल्पांच्या डागडुजीचे काम त्यांच्याकडे होते. चरित्रपर लेखनात या चार वर्षांना एखादे वाक्य मिळते. वास्तविक पाहता हा कालखंड अधिक महत्त्वाचा आहे.

डागडुजी करणाऱ्याला स्वतःची शैली असून चालत नाही. तुटलेला हात कोपरापासून पुढे कसा गेला असेल, हे उरलेल्या खांद्यावरून आणि शेजारच्या मूर्तींवरून ओळखावे लागते. भर कोठे घातली हे जाणकाराला कळले पाहिजे आणि सामान्य प्रेक्षकाच्या डोळ्याला ती खटकताही कामा नये. हे काम नम्रता शिकवते. पण त्याहून मोठी गोष्ट कैलास लेण्याची आहे. आठव्या शतकातील ते मंदिर डोंगर वरून खाली कोरत नेऊन काढलेले आहे. तेथे जोडणी नाही, भर नाही. आहे ते केवळ वजा करणे. जे. जे. मध्ये शिकवली जाणारी कला मुळात बेरजेची होती. सांगाड्यावर माती चढवायची, चुकली तर काढायची, पुन्हा चढवायची. सुताराच्या घरातील लाकूडकामानंतर वेरूळच्या दगडाने सुतार यांना पुन्हा वजाबाकीकडे नेले, असे म्हणता येईल. त्याचा परिणाम लगेचच दिसला.

१९५८ मध्ये ते दिल्लीला माहिती आणि नभोवाणी मंत्रालयाच्या दृक्‌श्राव्य प्रसिद्धी विभागात गेले आणि वर्षभरातच, १९५९ मध्ये, सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय करू लागले.

चंबळमाता :

मध्य प्रदेश आणि राजस्थान यांच्या सीमेवर चंबळ नदीवर गांधीसागर धरण बांधले जात होते. १९५४ मध्ये नेहरूंच्या हस्ते त्याचा पायाभरणी समारंभ झाला होता. १९६० मध्ये ते पूर्ण झाले. या ठिकाणी सुतार यांनी ४५ फूट उंचीचे चंबळचे शिल्प घडवले. नदी ही माता आणि मध्य प्रदेश व राजस्थान ही तिची दोन मुले, अशी कल्पना आहे. पाणीवाटपाचा करार दोन भावंडांच्या रूपाने दाखवणारे हे शिल्प आहे. ज्या देशात नदीच्या पाण्यावरून राज्ये न्यायाधिकरणांपुढे उभी राहतात, तेथे हा विषय किती मार्मिक होता हे वेगळे सांगावयास नको.

परंतु विषयाइकीच त्याची कृती महत्त्वाची आहे. हे शिल्प भागाभागांत ओतून जोडलेले नाही. काँक्रीटच्या एकसंध ठोकळ्यातून ते छिन्नीने कोरून काढलेले आहे. काँक्रीट हे धरणाचे माध्यम. दगडाला शिरा असतात, त्यांच्या कलाने कोरता येते. काँक्रीटला शिरा नसतात, त्यात खडी असते आणि छिन्नी कोठे उसळेल याचा नेम नसतो. लाकडाइतका आज्ञाधारकपणा त्यात नाही आणि बसाल्टइतका एकजिनसीपणाही नाही. तरीही धरण ज्या पदार्थाचे, त्याच पदार्थातून त्या धरणाची देवता काढणे यात एक औचित्य आहे. वेरूळमध्ये डोंगरातून मंदिर निघाले, येथे धरणाच्या पदार्थातून नदी निघाली.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. चंबळमातेचा चेहरा कोणाशीही जुळवून पाहता येत नाही. तिचे छायाचित्र नाही, नातेवाईक नाहीत, अनुयायी नाहीत. ती शिल्पकाराची कल्पना आहे आणि म्हणून तिचे यशापयश सर्वस्वी त्याचे आहे. सुतार यांच्या पुढील शेकडो कामांपैकी फार थोड्यांविषयी असे म्हणता येते. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने चंबळ हे त्यांचे सर्वांत मोठे काम आहे. उंचीने ते केवडियाच्या एक त्रयोदशांशही नाही, हा भाग वेगळा.

न झालेले स्मारक :

गांधीसागरचे शिल्प नेहरूंच्या पसंतीस उतरले आणि भाक्रा धरण बांधणाऱ्या मजुरांचे ५० फूट उंचीचे ब्रॉन्झ स्मारक करण्याचे काम त्यांनी सुतार यांच्याकडे सोपवले. सुतार यांनी त्याचा नमुनाही तयार केला. निधीअभावी ते स्मारक योजिलेल्या आकारात झाले नाही.

एवढ्यावर ही हकीकत संपते. तरीही तिच्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. मजुराचे शिल्प करताना शिल्पकाराला चेहऱ्याच्या साम्याची अट नसते; त्याला शरीराचा भार, ओढ, दोर ताणणारे खांदे, एकत्र लावलेला जोर यांचा अभ्यास करावा लागतो. जे. जे. मधील शरीररचनेचा अभ्यास आणि चंबळमधील कल्पनाशक्ती येथे एकत्र आली असती. सुतार यांची कारकीर्द कोणत्या दिशेला जाऊ शकली असती, याची ती खूण आहे. स्वतंत्र भारताच्या राज्यसंस्थेला मात्र मजुराच्या पुतळ्याची तेवढी निकड वाटली नाही, जेवढी नेत्यांच्या पुतळ्यांची वाटली. दोष एकट्या कोणा सरकारचा नाही; पुढील साठ वर्षांत सर्वच पक्षांच्या सरकारांनी आणि संस्थांनी शिल्पकाराकडे मागणी नोंदवली ती नेत्यांचीच. शिल्पकार हा पोटार्थी असतो. मागणी जिकडे वळते तिकडे त्याचे हात वळतात.

साम्याची कला :

दिल्लीत गोविंद वल्लभ पंत यांच्या पुतळ्यापासून सुतार यांची ओळख पुतळेकार म्हणून दृढ झाली. पुढे गांधीजी हा त्यांचा आयुष्यभराचा विषय बनला. त्यांनी घडवलेल्या गांधीजींच्या अर्धपुतळ्याच्या प्रती १९६९ च्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने आणि त्यानंतरही भारत सरकारने अनेक देशांना भेट दिल्या. जगाच्या अनेक शहरांत लोक गांधीजींचा जो चेहरा पाहतात, तो पुष्कळदा गोंदूरच्या या माणसाच्या हातचा असतो.

साम्य ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. छायाचित्र एका क्षणाचे असते. पुतळा सर्व बाजूंनी आणि सर्व प्रकाशांत पाहिला जातो. सकाळी ज्या सावलीमुळे ओठावर स्मित दिसते, त्याच ओठावर दुपारी डोक्यावर आलेल्या उन्हात ते नाहीसे होऊ शकते. म्हणून शिल्पकार चेहऱ्याची प्रत काढत नाही, तो सावल्यांची योजना करतो. ब्रॉन्झ गडद असल्यामुळे त्यात रेषा दिसत नाहीत, खोली दिसते. मातीत जी सुरकुती ठळक वाटते ती धातूत हरवते. ओतकामानंतर काय उरेल, याचा अंदाज घेऊनच मातीत बोट फिरवावे लागते.

संसद भवनाच्या आवारातील १६ फुटी ध्यानस्थ गांधीजी हे या कलेचे उत्तम उदाहरण. २ ऑक्टोबर १९९३ रोजी राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. चालणारे, काठी हाती घेतलेले गांधीजी सर्वत्र आहेत. येथे ते बसलेले आहेत. शरीराचा आकार त्रिकोणी, खाली रुंद आणि वर निमुळता. या स्थिर आकारामुळे कोलाहलाच्या जागी एक शांत बिंदू निर्माण झाला. शिल्पकाराला कदाचित अपेक्षित नसलेली गोष्ट पुढे घडली. विरोधी बाकांवरील खासदारांना निषेध नोंदवायचा असला की ते याच पुतळ्यापुढे फलक घेऊन उभे राहू लागले. पक्ष बदलत गेले, जागा तीच राहिली. जून २०२४ मध्ये संसद परिसरातील पुतळे ‘प्रेरणा स्थळ’ या एका ठिकाणी हलवण्यात आले, त्यात हा पुतळाही होता, आणि त्यावरून वाद झाला. पुतळा चांगला आहे की नाही, याची एक कसोटी अशीही असू शकते : तो हलवला तर कोणाला काही वाटते काय?

पुतळा आणि जागा यांच्या संबंधाचे याहून बोलके उदाहरण इंडिया गेटजवळच्या मेघडंबरीचे आहे. तेथे चार्ल्स सार्जंट जॅगर या ब्रिटिश शिल्पकाराने घडवलेला पंचम जॉर्जचा पुतळा १९३६ पासून होता. १९६८ मध्ये तो काढण्यात आला. त्या जागी गांधीजींचा पुतळा बसवावा, असा विचार अनेक वर्षे चालला आणि त्या संदर्भात सुतार यांच्या गांधीशिल्पाचे नाव पुढे येत राहिले. निर्णय झाला नाही. मेघडंबरी अर्धशतकाहून अधिक काळ रिकामी राहिली आणि २०२२ मध्ये तेथे सुभाषचंद्र बोस यांचा ग्रॅनाइटचा पुतळा बसला, तो अन्य शिल्पकाराचा. साम्राज्याने ज्या प्रकारची जागा निर्माण केली, ती भरण्याची ओढ स्वतंत्र राष्ट्रालाही सुटली नाही, हे यातून दिसते. ज्या कलेने ती भरायची, तीही साम्राज्याच्याच शाळेत शिकवली गेली होती.

प्रमाणाचे गणित :

केवडियाच्या पुतळ्याविषयी बोलताना ‘जगातील सर्वांत उंच’ हे शब्द इतक्यांदा उच्चारले जातात की उंची वाढली म्हणजे नेमके काय होते, याचे स्पष्टीकरण राहूनच जाते.

पुतळा दुप्पट उंच केला तर त्याची रुंदी आणि जाडीही दुप्पट होते. म्हणजे पृष्ठभाग चौपट आणि घनफळ, पर्यायाने वजन, आठपट होते. ज्या पायांवर हा भार येतो त्यांचा छेद मात्र चौपटच वाढतो. याचा अर्थ प्रत्येक चौरस इंचावरचा ताण दुप्पट होतो. यामुळे विशिष्ट मर्यादेपलीकडे भरीव पुतळा उभाच राहू शकत नाही. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या वेळी, १८८६ पूर्वी, हाच प्रश्न आला होता. शिल्पकार बार्तोल्दी याने आकार दिला आणि अभियंता आयफेल याने आत लोखंडी सांगाडा उभारला; तांब्याचे पातळ कवच त्या सांगाड्यावर टांगले गेले. तेव्हापासून महाकाय पुतळा ही वस्तुतः एक इमारत असते आणि शिल्प हे तिचे वस्त्र असते.

केवडियासाठी देशभरातील पटेलांच्या पुतळ्यांची पाहणी झाली आणि सुतार यांचा आराखडा निवडला गेला. अहमदाबाद विमानतळावरील त्यांच्याच पुतळ्याचे ते मोठे रूप होय. प्रथम ३ फुटी, मग १८ फुटी आणि अखेर ३० फुटी नमुना झाला. त्या नमुन्याचे संगणकीय मापन करून त्याचा विस्तार करण्यात आला. १८२ मीटर म्हणजे सुमारे ५९७ फूट. ३० फुटी नमुन्याच्या हे जवळजवळ वीसपट आहे. म्हणजे नमुन्यावरील एक मिलिमीटरची चूक प्रत्यक्षात दोन सेंटिमीटर होते. ३ फुटी नमुन्यावरची तीच चूक वीस सेंटिमीटर. शिल्पकाराच्या अंगठ्याचा ठसा, जो छोट्या शिल्पात जिवंतपणा आणतो, तो येथे खड्डा ठरतो.

दुसरी अडचण दृष्टीची. खाली उभा असलेला माणूस पुतळ्याचे पाय जवळून आणि डोके फार लांबून पाहतो. शरीराचे खरे प्रमाण तसेच ठेवले तर डोके लहान दिसते. म्हणून अशा कामांत वरचा भाग थोडा वाढवून घ्यावा लागतो. किती वाढवायचा हे सूत्राने ठरत नाही. ते अनुभवी डोळ्याने ठरते, आणि येथेच शिल्पकाराचे काम अभियंत्याहून वेगळे होते.

तिसरी अडचण सुतार यांनी स्वतःच निर्माण केली, असे म्हणण्यास हरकत नाही. बहुतेक महाकाय मूर्ती एक तर बसलेल्या असतात किंवा पायघोळ वस्त्रात असतात, म्हणजे पाया रुंद राहतो. पटेल मात्र धोतर, अंगावर शाल आणि पायांत वहाणा अशा वेशात, चालण्याच्या पवित्र्यात उभे आहेत. दोन पायांमध्ये अंतर आहे. सर्वांत अरुंद भाग तळाशी आणि भार वर, ही स्थापत्याच्या दृष्टीने उलटी रचना झाली. ती सावरण्यासाठी आत काँक्रीटचे दोन उंच स्तंभ उभारले गेले आणि ताशी १८० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात डोलणे रोखण्यासाठी प्रत्येकी २५० टनांचे दोन दोलनरोधक बसवले गेले. शेतकऱ्याचा नेता शेतकऱ्यासारखा चालता दिसावा, या कल्पनेसाठी अभियंत्यांनी मोजलेली ही किंमत आहे. शिल्पकाराचा हट्ट येथे जिंकला आणि पुतळ्यात जे काही शिल्प म्हणून उरले आहे, ते मुख्यतः या पवित्र्यात उरले आहे.

कर्तृत्व कोणाचे?

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी या पुतळ्याचे अनावरण झाले. २,९८९ कोटी रुपयांचे कंत्राट लार्सन अँड टुब्रो या कंपनीकडे होते. ब्रॉन्झची आवरणपत्रे चीनमधील नानचांग येथील ओतशाळेत तयार झाली, कारण एवढ्या मोठ्या कामाची ओतशाळा भारतात नव्हती. सुतार यांचे पुत्र अनिल सुतार हे वास्तुविशारद आणि शिल्पकार. नमुन्यापासून पुढील सर्व समन्वयात त्यांचा वाटा मोठा होता. मग हा पुतळा कोणाचा?

हा प्रश्न एकट्या सुतार यांच्यापुरता नाही. मुंबईत १९५४ मध्ये जन्मलेले आणि पुढे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले अनिश कपूर हे आजच्या ब्रिटिश शिल्पकलेतील एक प्रमुख नाव. सुतार यांची आणि त्यांची कला दोन टोकांची आहे. कपूर यांच्या शिल्पांत चेहरा नसतो. असते ती पोकळी, रंग आणि परावर्तन. शिकागो येथील ‘क्लाउड गेट’ या त्यांच्या शिल्पात पोलादी पत्रे जोडून सांधा दिसणार नाही इतके गुळगुळीत केले आहेत. पाहणाऱ्याला तेथे स्वतःचाच चेहरा दिसतो. पण हे पत्रे कपूर यांनी स्वतः ठोकलेले नाहीत. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी लंडनमध्ये उभारलेला ११४.५ मीटरचा ‘ऑर्बिट’ मनोरा तर कपूर आणि अभियंता सेसिल बामंड या दोघांच्या नावे नोंदलेला आहे. मोठ्या आकाराच्या समकालीन शिल्पात कर्तृत्व वाटले जाते, हे तेथे उघडपणे मान्य केले गेले. आपल्याकडे मात्र एक तर सर्व श्रेय शिल्पकाराला दिले जाते, किंवा प्रकल्पाच्या उद्‌घाटनात त्याचे नाव पार मागे पडते. अनामिक कारागिरांनी घडवलेल्या वेरूळच्या वारशाला हे शोभत असेलही. पण वेरूळला शिलान्यासाच्या पाट्या नव्हत्या.

या वाटपात आणखी एक बाजू आहे आणि ती खानदेशाच्या वाचकाला टाळता येणार नाही. केवडियाचा पुतळा सरदार सरोवर धरणाकडे तोंड करून उभा आहे. त्या धरणाच्या जलाशयाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ती अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील आदिवासी गावे. आज नंदुरबार जिल्ह्यात, आणि विस्थापनाला सुरुवात झाली तेव्हा धुळे जिल्ह्यात, म्हणजे सुतार यांच्याच जन्मजिल्ह्यात होती. अनावरणाच्या वेळी केवडिया परिसरातील आदिवासींनीही आपल्या जमिनींच्या प्रश्नावर निषेध नोंदवला होता. यासाठी शिल्पकाराला जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. त्याने धरण बांधले नाही आणि पुतळ्याची जागाही निवडली नाही. पण गांधीसागरला ज्या हातांनी दोन राज्यांना एका मातेची मुले केले, त्या हातांना येथे बुडालेल्या गावांविषयी काही म्हणण्याची सोय उरली नव्हती, एवढे नोंदवले पाहिजे. साम्याच्या कलेत ती सोय नसते. पटेलांचा चेहरा पटेलांसारखाच असावा लागतो.

अखेरची वर्षे :

केवडियानंतर सुतार यांच्या नावाभोवती महाकाय पुतळ्यांची मागणी दाटली. बंगळूरू विमानतळावरील १०८ फुटी केम्पेगौडा (२०२२) आणि हैदराबाद येथील १२५ फुटी डॉ. बाबासाहेब आंबेडकर (२०२३) ही त्यांतील ठळक कामे. अयोध्येत लता मंगेशकर यांच्या स्मरणार्थ उभारलेली ४० फुटी वीणाही (२०२२) त्यांचीच. सरकारी मागणीतून आलेले आणि तरीही चेहरा नसलेले असे हे उत्तरकाळातील एक विरळ काम असल्याने त्याचा स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. गायिकेचा पुतळा न करता वाद्य उभे करण्याचा निर्णय कोणाचाही असो, तो शिल्पाच्या हिताचा ठरला.

ऑगस्ट २०२४ मध्ये मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवाजी महाराजांचा, अन्य शिल्पकाराने घडवलेला पुतळा अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आतच कोसळला. नवा ६० फुटी पुतळा घडवण्याचे काम सुतार यांच्याकडे देण्यात आले आणि तो २०२५ मध्ये उभा राहिला. या घटनेने महाराष्ट्रातील सामान्य माणसाला प्रथमच पुतळ्याच्या आतील सांगाडा, गंज, वाऱ्याचा दाब या गोष्टींविषयी बोलायला लावले. पुतळ्याकडे केवळ आदराने न पाहता एक घडवलेली वस्तू म्हणून पाहण्याची ही सुरुवात होती. ती एखाद्या चांगल्या पुतळ्यामुळे न होता पडलेल्या पुतळ्यामुळे व्हावी, हे खेदाचे आहे.

मुंबईत दादर येथील इंदू मिलच्या जागेवर डॉ. आंबेडकरांचा ३५० फुटी पुतळा, १०० फूट उंचीच्या चौथऱ्यावर, उभा करण्याचे काम सुतार पितापुत्रांकडे होते. राम सुतार यांच्या निधनाच्या वेळी ते अपूर्ण होते.